कॉइल बदलण्यापूर्वी

आमच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे इंजिन चढावर वारंवार झटके देऊ लागले आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा स्थिर असेल तर गाडी सहसा सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच सैल करावा, कारण न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जळते आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) अतिउष्णतेने निकामी होऊ शकतो.

स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथले पेट्रोल नीट पेटत नव्हते. कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. तेवढ्यावरून चारही कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारे भाग) बदलायला लावणे मला मुळीच मान्य नाही. मेकॅनिकने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. कॉइल सदोष असती तर पी०३०३ दिसला असता. पण कोड तोच राहिला. मग प्लग काढला, तेव्हा त्याच्या खोल खाचेत इंजिन ऑइल साचलेले होते आणि पांढऱ्या सिरॅमिकवर काळी रेघ उमटली होती, म्हणजे ठिणगी टोकाच्या फटीत न पडता बाहेरूनच निसटत होती. तेल गळू देणारे व्हॉल्व्ह कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) गॅस्केट, प्लग आणि तेलाने फुगलेले कॉइलचे रबरी बूट बदलल्यावर झटके थांबले. चेक इंजिनसोबत लागलेला ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाके घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही विझला. इंजिनात बिघाड नोंदला गेला की अनेक गाड्यांत ती यंत्रणा आपोआप बंद होते.