वीतभर अंतर

रविवार, रात्री साडेअकरा

भाच्याच्या हट्टापायी आज वॉरहॅमर फँटसीचे, म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या फौजा टेबलावर लढवायच्या खेळाचे, सातव्या आवृत्तीचे जुने नियम काढले. डायनिंग टेबलावर सहा बाय चार फुटांचा प्लायवूड, मध्ये थर्माकोलची टेकडी. तो एरवी याचाच भाऊबंद असलेला वॉरहॅमर ४०,००० खेळतो. तिथे २०१२ पासून अंतर कधीही मोजायला मुभा आहे. म्हणून आधीच बजावलं, यात अंतर नजरेनेच जोखून आधी चार्ज, म्हणजे शत्रूवर धावून जाणं, जाहीर करायचं, टेपने मोजायचं नंतर. माणसांच्या पायदळाची चाल ४ इंच, चार्जला दुप्पट, म्हणजे ८. त्याहून थोडं जरी जास्त भरलं तरी चार्ज फसतो आणि पलटण ४ इंच पुढे जाऊन शत्रूच्या तोंडासमोर उघडी पडते.

तिसऱ्या फेरीत तो टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बसला. त्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे. "मामा, साडेसात असेल ना?"

तेव्हा माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. पंजा टेबलावर पसरलेला होता, जुन्या सवयीने. माझी वीत बरोबर ८ इंच भरते. कॉलेजात मी अशाच जोरावर जिंकायचो. शिवाय दोन्ही फौजा आपापल्या कडेपासून १२ इंचांत मांडलेल्या, म्हणजे मधलं अंतर २४, हेही पाठ. मित्र म्हणायचे, याची नजर पक्की आहे. मी ते ऐकून घ्यायचो. आज त्याची लाज वाटली.

२०१० साली आठव्या आवृत्तीने मोजणी खुली केली तेव्हा मी चिडलो होतो, खेळातलं कसब गेलं म्हणून. चूक होती ती. तिथे चार्ज म्हणजे चाल अधिक दोन फासे. १२ इंच अंतर आहे हे नक्की कळलं, तरी फाशांवर ८ किंवा जास्त पडायला हवेत; ३६ पैकी १५ वेळाच ते पडतात. जायचं की थांबायचं, हे टेप सांगत नाही. ते ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं, आणि खरं कसब तिथे आहे.

त्याला वितेचं सगळं सांगितलं आणि टेप त्याच्या हातात दिला. त्याने दोनदा मोजलं. सव्वाआठ.

चार्ज केला नाही त्याने. टेकडीमागचे घोडेस्वार बाजूने आणले, आणि पुढच्या फेरीत माझे भालेवाले मोडले.