तीन तबकड्या, भाव एकीचा

घरात रेकॉर्ड प्लेअर नाही, तरी परवा जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून ‘द क्लॅश’ या पंक, म्हणजे बंडखोर रॉक वाजवणाऱ्या ब्रिटिश बँडची ‘सँडिनिस्टा!’ उचलून आणली. १९८०ची, तीन तबकड्या, छत्तीस गाणी. ‘आता ऐकणार कशावर?’ हा बायकोचा प्रश्न रास्तच. पण मला गाण्यांइतकंच कौतुक आहे तिच्या त्या वेळच्या किमतीचं.

आधीच्या वर्षी ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमच्या वेळी त्यांची रेकॉर्ड कंपनी सीबीएस दोन तबकड्या एकीच्या भावात द्यायला तयार नव्हती. मग बँडने सोबत एक फुकट सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची तबकडी, देण्यापुरता होकार मिळवला, ती बारा इंची करून घेतली आणि तिच्यावर गाणी भरत गेले. झाली दुसरी तबकडी! सदाशिव पेठेतल्या मुरलेल्या गिऱ्हाइकानेही हात जोडावेत. ‘सँडिनिस्टा!’ तर तीन तबकड्या मिळून ५.९९ पौंडांना. त्यासाठी बँडने पहिल्या दोन लाख प्रतींच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं.

ऑफिसमधले एक साठीचे गृहस्थ म्हणतात, १९७७च्या पहिल्या अल्बमनंतर हे पंक उरलेच नाहीत. अहो, त्या पहिल्यातच जमैकाच्या ज्युनियर मर्विनचं रेगे गाणं आहे की! पुढे डब, फंक, न्यूयॉर्कचं रॅप, जे कानावर पडलं ते घेत गेले. माळव्याची लोकगीतं घेणाऱ्या कुमार गंधर्वांनाही घराणेवाल्यांनी कमी ऐकवलं नाही. सोवळं इथेही आहे, फक्त लेदर जॅकेटमधलं.

आणि माझा थोडा पक्षपात आहेच. बँडचा गायक जो स्ट्रमर, त्याचे वडील लखनौत जन्मलेले, ते सोडा. पण १९७९मध्ये लंडनच्या साउथॉलला नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाविरुद्ध उतरलेल्या आपल्या लोकांची धरपकड झाली, तेव्हा त्यांच्या खटल्यांच्या खर्चासाठी हे वाजवायला उभे राहिले. त्या काळात ब्रिटनमधल्या किती गोऱ्यांनी ते केलं?

१९८२मध्ये ड्रमर टॉपर हेडनला काढलं, १९८३मध्ये गिटारवाल्या मिक जोन्सला, १९८६पर्यंत दुकान बंद. ब्रिटनमध्ये त्यांचं एकच गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. तेही १९९१मध्ये, जीन्सच्या जाहिरातीमुळे. साठीच्या गृहस्थांना तो विश्वासघात वाटतो. मला नाही वाटत. दोन लाख प्रतींवर पाणी सोडलेल्यांनी एक जाहिरात केली, तर आपण कोण हिशेब मागणारे?