मामांचं ऑपरेशन आणि राखीव खाट

आमचे मामा शेतमजूर. विहिरीजवळ घसरून त्यांचा खुबा मोडला आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी पुण्याला हलवायला सांगितलं. ट्रस्टच्या ज्या हॉस्पिटलात नेलं, तिथे काउंटरवर पहिला प्रश्न आला डिपॉझिटचा. मामींनी गावात हात पसरून आणलेले पैसे त्याच्या आसपासही नव्हते.

आरोग्य हक्कांवर काम करणाऱ्या एका मित्राला मी फोन लावला. तो म्हणाला, "ताई, कलम ४१ कक सांगा, आणि जे काही मागाल ते लेखी मागा." हे सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातलं कलम. त्याच्याच आधारे एका जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांसाठी योजना लागू केली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १,८०,००० रुपये, दुर्बलांना ३,६०,०००. यासाठी बाकीच्या रुग्णांच्या बिलांतले २ टक्के वेगळ्या निधीत जमा होतात, त्याला आयपीएफ (इंडिजंट पेशंट्स फंड, म्हणजे निर्धन रुग्ण निधी) म्हणतात.

"त्या खाटा भरल्यात," असं काउंटरवर सांगितलं गेलं. मग मी समाजसेवा विभागात अर्ज दिला, पोच घेतली आणि त्याची प्रत ट्रस्टवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात नेऊन दिली. पोच हातात आल्यावर बोलण्याचा सूर बदलला. पिवळ्या रेशनकार्डावर मामांना जनरल वॉर्डात घेतलं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागाहून चालेल असं ठरलं, त्यासाठी मामेभाऊ गावी तलाठ्याकडे धावला.

खरी झुंज पुढेच होती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी इम्प्लांटची, म्हणजे खुब्यात बसवायच्या भागाची, चिठ्ठी मामींच्या हातात आली, 'बाहेरून आणा' म्हणून. खाट मोफत मिळालेली कुटुंबं नेमकी इथे कर्जात बुडतात. योजनेत औषधं आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीला आयपीएफमध्ये टाकायची तरतूद आहे. ती चिठ्ठी घेऊन मी समाजसेविका मॅडमकडे गेले. त्या भल्या होत्या. त्यांनीच फाइलवर टीप लिहून वरून सही आणली आणि सकाळी मामांना आत नेलं.

शेजारच्या खाटेवर बीडकडच्या एक काकू मुलाला घेऊन होत्या. तेच पिवळं कार्ड पिशवीत असताना त्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवून डिपॉझिट भरलं होतं, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांचा अर्ज मी तिथेच स्टुलावर बसून लिहिला, पण मनातून ते जाईना. ओळखीत कार्यकर्ता असेल त्यालाच हक्क मिळावा, हे मला मान्य नाही.

जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नियमांत रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक झालं. या हॉस्पिटलात ती सनद लिफ्टच्या मागच्या भिंतीवर होती. मामा काठी घेऊन चालू लागल्यावर आम्ही वॉर्डातल्या नातेवाइकांनी मिळून सह्यांचं पत्र दिलं: सनद आणि राखीव खाटांची माहिती मराठीत, ठळक अक्षरांत, डिपॉझिट घेतात त्याच खिडकीवर लावा. भरतीच्या काउंटरवर फलक लागला. अपघात विभागात अजून लागलेला नाही. त्यासाठीचं दुसरं पत्र धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात दिलं आहे, काकूंची सही त्यावर पहिली आहे.