डाव्या हाताचा कोयता

सुरी बनवून घ्यायला येणारा माणूस हल्ली मोबाईल पुढे करतो. आधी फोटो, मग पोलादाचं नाव, आणि हमखास 'दमास्कस'. ते नक्षीचं पातं मी करतो. दोन जातींच्या पोलादाचे थर भट्टीत तापवून एकजीव ठोकायचे, पातं घासून झालं की फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचं. निकेलवाला थर पांढरा राहतो, दुसरा काळवंडतो. दिसतं सुंदर, पणजीतले शेफ पैसेही चांगले देतात. पण कापण्याच्या कामात त्या नक्षीचा काडीचा उपयोग नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान हलवून दमास्कसच मागतो.

जूनमध्ये आलेला मुलगाही फोटो घेऊनच डिचोलीला आला. क्रूझ जहाजावर किचनमध्ये कामाला, सुटीवर घरी आलेला. आई म्हापशाच्या बाजारात मासे विकते आणि कापूनही देते. तिला जपानी घडणीची सुरी द्यायची होती, निळ्या रेझिनच्या मुठीची. "दादा, खर्चाचं बघू नका." मी म्हटलं, आई रोज वापरते तो कोयता आधी आणून दाखव.

वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं तो आणला. वर्षानुवर्षं घासून पातं निम्मं झालेलं, धार फक्त उजव्या अंगानं काढलेली, डावं अंग सपाट. मुठीला जुन्या साडीच्या चिंध्या. त्या सोडल्या तर लाकडात बोटांचे खळगे पडलेले. मी मूठ धरली, बोटं खळग्यांत बसेनात. सहज डाव्या हातात घेतली, आणि पाचही बोटं आपापल्या जागी गेली.

"आई डावखुरी आहे काय रे?"

"नाही हो. जेवते उजव्यानं, पूजा उजव्यानं. गिऱ्हाइकाचे पैसेसुद्धा उजव्या हातानंच घेते."

तिशीतला मुलगा. त्याला मी काय सांगणार? म्हटलं, तिलाच घेऊन ये.

1 जून ते 31 जुलै ट्रॉलरनं मासेमारीला बंदी, त्यामुळे मावशींना सवड होती. आल्या, बाकड्यावर बसल्या आणि विचारल्यावर हसल्या. लहानपणी डाव्या हातानं जेवायला लागल्या की आजी हातावर चापट मारायची. उजवा शिकल्या. कोयता मात्र डाव्यातच राहिला. "नुस्तें कातरताना कोण पळयता रे पुता?" मासे कापताना कोण बघतंय!

दारामागे पावसानं पडलेली केळ होती. तिचा बुंधा आणून त्यांना जुन्याच कोयत्यानं काप काढायला सांगितलं. प्रत्येक काप वर जाड, खाली पातळ. एका अंगानं धार असलेलं पातं सपाट बाजूकडे सरकत जातं. उजव्या हाताचा माणूस कापतो तेव्हा सपाट अंग माशाच्या धडाकडे असतं, मनगट थोडं कलवलं की तुकडा सरळ येतो. मावशींच्या हातात तेच पातं उलटं पडतं. धारेचा उतार धडाकडे येतो आणि पातं बाहेर निसटतं. इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, असा तुकडा रवा लावून तळला की जाड अंग शिजेपर्यंत पातळ कड करपते. गिऱ्हाइकं त्यावरून बोलायची. मावशी म्हणायच्या, हातच वाकडा, काय करणार! सांजवेळी मनगट दुखतं, तेही वयामुळे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मुलानं हळूच पुन्हा फोटो दाखवला. मावशींनी निळी मूठ पाहिली आणि म्हणाल्या, माशाच्या चिकटीत ही हातात राहील काय? विषय संपला. जुन्या दाराच्या चौकटीचं शिसवी लाकूड ठरलं, खडबडीत राखलेलं.

पोलाद टिपरच्या, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकच्या, कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्याचं. 2012 मध्ये खाणी थांबल्यावर आमच्या भागात कितीतरी टिपर उभ्या-उभ्या गंजले आणि भंगारात गेले. इथलं खनिज वर्षानुवर्षं बोटी भरून जपानला गेलं, आणि मी जपानी सुरीचा फोटो बघत टिपरचा पाटा कापत होतो! जुन्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते, म्हणून आधी एक तुकडा तापवून तेलात विझवला आणि तोडून पाहिला. आतला कण बारीक, करडा निघाला तरच पुढे जायचं.

पातं अडीच इंच रुंद, धार या वेळी डाव्या अंगानं. शस्त्र कायद्यात 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती येतात, पण घरकाम, शेती वा उद्योगासाठी घडवलेली त्यातून वगळलेली आहेत. तरी पावतीवर मी 'मासे कापण्याचा कोयता' असंच लिहितो. खंजीर मागणारे पर्यटक येतात, त्यांना चहा पाजून परत पाठवतो.

खरी परीक्षा पाणी देण्याची, म्हणजे पातं तापवून विझवून कडक करण्याची. दिवे बंद करून लोखंडाचा रंग बघायचा. लोहचुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवून कोमट तेलात. दोन्ही अंगं सारखी नसलेलं पातं सारखं निवत नाही, त्यामुळे ते वाकतं. हेही तेलातून धनुष्य होऊन निघालं. पोलाद पुरतं कडक होण्याआधी काही क्षण मिळतात. तेवढ्यात ते दोन जाड पट्ट्यांमध्ये धरून शिकंजा आवळला. 'टिंग' असा आवाज आला तर तडा गेला समजायचं. आला नाही. मग ठिसूळपणा कमी करायला पुन्हा 250 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. कडकपणा, तो मोजायच्या रॉकवेल मापावर, 56 च्या आसपास. काटा तोडायचा तर धार ठिसूळ चालत नाही.

घ्यायला आल्या तेव्हा मावशींनी बर्फातला इसवण सोबत आणला होता. पहिला तुकडा कापला आणि मला घाम फुटला. आता वर पातळ, खाली जाड! "तुवेंच वांकडो केला मरे," त्या म्हणाल्या. कोयता बरोबर होता. इतकी वर्षं पातं आत ओढायची सवय लागलेलं मनगट अजून ओढतच होतं. मी म्हटलं, मावशी, काही करू नका, नुसता खाली सोडा. शेपटीकडे येईतो तुकडे सरळ पडायला लागले. त्या थांबल्या, एक तुकडा उचलून दोन्ही कडा बोटानं चाचपल्या. मुलगा त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होता.

मग किंमत विचारली. पैसे मुलानं आधीच दिलेले, तरी त्या मला अर्धा तास बोलल्या. गंजेल, रोज पुसून खोबरेल लावा म्हटलं, तर म्हणाल्या, मला शिकवू नकोस.

बंदी उठल्यावर शेजारी बसणाऱ्या बाईनं तो कोयता मागून घेतला आणि दोनच तुकडे कापून परत केला. "तुजो कोयतो वांकडो चलता गो." आता तिलाही स्वतःच्या हाताचा हवा आहे. मला फोन आला, तेव्हा कळलं की मावशींनी तिला किंमत अर्धीच सांगून ठेवली आहे.