दोन वर्षं नांगर पडून होते, तेव्हा घर कशावर चाललं?

गेल्या महिन्यात पुण्याहून येताना रेल्वे किर्लोस्करवाडीला, म्हणजे लोखंडी नांगरवाल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या गावाला, थांबली आणि मी खिडकीतून नुसता बघत बसलो. या लाइनवरून लहानपणापासून जातोय, पण यावेळी डोक्यात वेगळंच चालू होतं, कारण घरी शेडमध्ये माझी अकरा सायकल कोळपी पडून आहेत आणि आठ महिन्यांत गेलीत फक्त तीन.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सायकल कोळपं म्हणजे पुढे सायकलचं चाक, मागे पास म्हणजे तण कापणारं पातं आणि धरायला हँडल, एका माणसाने ढकलत ढकलत दोन ओळींमधलं तण काढायचं. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून मला वाटलं हे हातोहात जाईल. माझा मूळ धंदा वेल्डिंगचा, ग्रील, गेट, ट्रॉलीची दुरुस्ती. कोळपं हे माझ्या मनातलं काम आहे.

तर लक्ष्मणराव किर्लोस्कर. यांची गोष्ट आपल्याकडे शाळेपासून ऐकवतात आणि ऐकवताना कायम एकच सांगतात की त्यांनी लोखंडी नांगर काढला, शेतकरी म्हणाले लोखंडाने जमिनीत विष पसरतं, पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, पण त्यांनी हार मानली नाही. बास. पुढे टाळ्या. मला मात्र आता शेड चालवताना एकच प्रश्न पडतो की त्या दोन वर्षांत घरी पीठ कुठून येत होतं? कारागिरांना पगार कोण देत होतं?

मग बसून जेवढं वाचलंय तेवढं आठवून बघितलं आणि चित्र वेगळंच दिसायला लागलं.

हा माणूस १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, तिथे कळलं की काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. झालं, चित्रकला बंद. पण यंत्रांची ड्रॉइंग काढायला रंग लागत नाहीत, मग ते शिकले आणि मुंबईच्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत तेच शिकवायला लागले. नोकरी चालू असतानाच १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं. मुंबईहून सायकली हे पाठवायचे आणि बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून एका अँग्लो इंडियन माणसाला ती दिली आणि यांनी राजीनामा दिला. लोक इथे स्वाभिमान सांगतात, तो होताच, पण राजीनामा देऊन जायला बेळगावात चालू असलेलं दुकान होतं, भाऊ होता, ही गोष्ट मला तेवढीच मोठी वाटते.

नांगराच्या आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. बैल ज्याच्या दारात त्याला ते लगेच समजतं, कडबा वाया जात नाही हे डोळ्यांना दिसतं. नांगराचं तसं नव्हतं. लाकडी नांगर जमीन चिरत जातो आणि लोखंडी नांगर माती उलटी करून टाकतो, खालची वर आणि वरची खाली, पिढ्यानपिढ्या जे बघितलं नाही ते एकदम समोर. शेतकऱ्याला त्याची भीती वाटली तर मला त्यात अडाणीपणा दिसत नाही. एक हंगाम गेला की त्याचं वर्षच जातं, नांगर बनवणाऱ्याचं जात नाही. म्हणून ते दोन वर्षं थांबले, आणि हे थांबणं जमलं कारण सायकल होती, कडबा कटर होता, भाऊ दुकानावर होता. रामूअण्णांचं नाव जयंतीच्या भाषणात फारसं येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नांगर थोडे चालायला लागले तर बेळगाव नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली, तिथे नवीन वस्ती करायची होती. म्हणजे जमलेला कारखाना उचला. त्यावेळी ते औंध संस्थानात एक बांधकाम करत होते, परत तेच बघा, नांगराच्या जोडीला दुसरं काम चालूच, आणि त्या कामामुळेच औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची ओळख होती. राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १० हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंग आणि नाग. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. पुढे पहिल्या महायुद्धात विलायती नांगर यायचे बंद झाले, मागणी वाढली, पण लोखंड मिळेना, मग कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा घेतल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. दगडी कोळसा नाही तर लाकडी कोळसा वापरला. तोफेचा नांगर, हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो, मी स्वतः भंगारातलं चाक कोळप्याला लावतो म्हणूनही असेल.

आता माझं. आठ महिन्यांपूर्वी मी ठरवलं होतं की ग्रीलची कामं घ्यायचीच नाहीत, पूर्ण लक्ष कोळप्यावर, कारण व्हिडिओमध्ये सगळे तेच सांगतात, सगळं सोडून झोकून द्या. दोन महिन्यांत पत्र्याचं बिल थकलं. बायको शिवणकाम करते, त्यावर घर चाललं आणि एक दिवस ती एवढंच म्हणाली, "तुम्ही कोळपं करा, पण ग्रील सोडू नका, माझ्या एका मशीनवर दोन्ही नाही निघणार." त्यावेळी मला राग आला होता, वाटलं हिचा माझ्यावर विश्वासच नाही. रेल्वे किर्लोस्करवाडीहून हलली तेव्हा वाटलं की ती मला रामूअण्णांचंच काम करून दाखवत होती.

घरी आलो आणि तीन गिऱ्हाइकांकडे स्वतः गेलो, जे आधीच करायला पाहिजे होतं. एकाचं कोळपं गोठ्यात लटकलेलं. त्याची आई म्हणाली, "बाबा, दांडा उंच आहे रे, खांदे भरून येतात." मी माझ्या उंचीने बनवलं होतं आणि शेतात ढकलणार कोण तर बहुतेक बायका! हे मला आठ महिने सुचलं नव्हतं.

परवा एका शाळेच्या गेटचं काम घेतलंय, ॲडव्हान्स मिळाला, पत्र्याचं बिल भागवलं. उरलेल्या पैशातून पाइप आणलाय, हँडलला तीन भोकं पाडून बोल्ट टाकायचा, म्हणजे उंची कमी जास्त करता येईल. पहिलं त्या आजींकडेच नेऊन देणार आहे, पैसे न घेता, सोयाबीन गुडघ्याला यायच्या आत.