देव्हारा, पुढचा भाग: पाईप काढला, तरी पिन सुटली

मागच्या वेळी देव्हाऱ्याची पाठ बसवून थांबलो होतो. कळसापर्यंत पोचायचं होतं, पण सगळा वेळ पिन गननं, म्हणजे हवेच्या दाबानं बारीक खिळे मारणाऱ्या बंदुकीनं, खाल्ला.

झालं असं. 15 मिमीच्या पिना काढून 25 मिमीच्या भरायच्या होत्या. कॉम्प्रेसरचा कॉक बंद केला, कपलर (पाईप आणि गनची झटकन सुटणारी जोडणी) ओढला, फुस्स झालं. मॅगझिन (पिना भरायचा कप्पा) उघडण्याआधी रद्दी पाईनवर नाक टेकवून एकदा ट्रिगर ओढायचा, हा माझा शिरस्ता. ठाक! पिन डोक्यापर्यंत लाकडात. पाईप फरशीवर पडलेला.

ही साधी एफ-30 मॉडेलची गन आहे. नाक दाबल्याशिवाय उडू नये अशी सोय तिच्यात नाही, ट्रिगर ओढला की संपलं. त्या जागी बोट असतं तर?

पहिला संशय ट्रिगर व्हॉल्व्हवर. उघडला, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलली, दोन थेंब एअर टूल ऑइल सोडलं. परत तेच. मग दाब 6 बारवरून 4 वर आणला. पिन जरा वर राहिली, पण सुटलीच. शेवटी गन पिशवीत घालून वर्कशॉपांचं उद्यमनगर गाठलं. तिथल्या एका जुन्या फिटर काकांनी गन हातातही घेतली नाही. एवढंच विचारलं, "फुस्स कुठनं येतंय बघितलंस काय?"

घरी येऊन कान लावला. फुस्स पाईपच्या तोंडातून! गनच्या बाजूला चिडीचूप.

नवा पाईप घेतला तेव्हा दुकानदारानं गनला एसएम-20 पिळून दिला होता, म्हणजे कपलरचा सॉकेट, ज्यात दुसरा अर्धा भाग, प्लग, घुसतो. सॉकेटच्या पोटात व्हॉल्व्ह असतो. प्लग निघाला की तो मिटतो आणि पूर्ण दाबाची हवा गनमध्येच कोंडून राहते. हवं होतं उलटं: गनला पीएम-20 म्हणजे प्लग, पाईपला सॉकेट. प्लग म्हणजे आरपार नळी, त्यामुळे सुटला की गन तिथल्या तिथं रिकामी. आटे दोन्हीचे पाव इंचीच, त्यामुळे काहीही कुठंही बसतं. त्याच दुकानात बदलायला गेलो तर म्हणे, "लीक नाही ना? मग चालतंय की." ह्या दुकानातनं आता फक्त सँडपेपर.

पीएम-20 बसवला. कपलर ओढला की गनच फुस्स करते, ट्रिगर मेलेला. नाद खुळा समाधान!

तरी शिरस्ता सोडलेला नाही. चष्मा डोळ्यावर, पाईप काढायचा, रद्दीवर ट्रिगर, मग मॅगझिन.

ह्याच गडबडीत ड्रॉवरचंही जमलं. 12 मिमी प्लायच्या कडेत मारलेल्या पिना बाजूनं फुटून बाहेर येत होत्या. मॅगझिन फळीच्या लांबीत धरण्याऐवजी आडवं धरलं. पिनेचं टोक छिन्नीसारखं असतं, ती गनच्या डाव्या-उजव्या अंगाला वळते. आडव्या गनमधून वळली तरी प्लायच्या पोटातच राहते. पकडणारा हात मात्र पिनेच्या लांबीहून बराच लांब.

पुढचा बेत सिक्वेन्शियल ट्रिगरची, म्हणजे आधी नाक दाबून मग ट्रिगर ओढला तरच उडणारी, गन घ्यायचा होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी गनला हातभर मऊ पाईपची शेपटी लावून तिच्या टोकाला प्लग द्यावा. कपलरचं वजन मनगटावर येणार नाही, आणि सुटल्यावर शेपटीही रिकामी होईल. आणि टाकीखाली ड्रेन कॉक हाताला येईल असा हवा. आषाढात रोज पेलाभर पाणी निघतंय, ते गनमध्ये जायला नको. कळस त्यानंतर. शेपटीला 6 मिमीचा पीयू (पॉलीयुरेथेनचा मऊ) पाईप पुरेल का 8 चा घ्यावा, कुणी लावला असेल तर सांगा.