मेढेवरचं जिवंत कुंपण

इंदूरजवळ सांवेरकडे आमची थोडी काळी जमीन आहे. पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत हरभरा. नीलगाई, म्हणजे आमच्याकडचे रोजडे, पश्चिमेच्या मेढेवरून, म्हणजे बांधावरून, आत शिरायचे. बाबा दरवर्षी बाभळीच्या वाळक्या फांद्या रोवायचे आणि उन्हाळ्यात त्यांना वाळवी लागायची. शेवटी मी ठरवलं, चारशे फूट मेढेवर इथल्याच झुडपांचं कुंपण लावायचं.

आधी सीमांकन. झाड एकदा लागलं की ते हलवता येत नाही, म्हणून तहसिलीत अर्ज दिला आणि गहू निघाल्यावर मोजणी करून घेतली. शेजारच्या नानांचा विरोध होताच. "अगं पोरी, सकाळची सावली माझ्या कांद्यावर पडेल." कुंपण छातीच्या वर वाढू देणार नाही, असा त्यांना शब्द दिला.

रोपवाटिकेत घाणेरी सुचवली. मी नाही म्हटलं. ती दक्षिण अमेरिकेकडची, पसरली की खाली गवतसुद्धा येऊ देत नाही. बाहेरच्या ओळीत करवंद, बोर आणि सागरगोटा, आतल्या ओळीत निरगुडी आणि अडुळसा, असं ठरलं. आतली दोन्ही झुडपं शेळ्या तोंडात धरत नाहीत.

करवंदं जूनच्या सुरुवातीला महूपुढच्या डोंगरातून आणली. गर धुऊन बी सावलीत सुकवलं आणि त्याच आठवड्यात पिशव्यांत टाकलं, कारण ते ठेवलं की उगवत नाही. सागरगोट्याचं अगदी उलट. आईच्या लहानपणचे खेळायचे पाच सागरगोटे डब्यात होते, राखाडी, गुळगुळीत, दगडासारखे. एका बाजूने सहाणेवर घासले, आतला पांढुरका भाग दिसेपर्यंत, मग रात्रभर पाण्यात ठेवले. सकाळी फुगून जवळजवळ दुप्पट झाले होते. पाचातले तीन उगवले. आई रोज पिशव्यांपाशी जाऊन बसायची. बाकीचं बी बाजारातून आणलं.

पहिल्या वर्षी मोठी चूक झाली. चर खणून रोपं खाली लावली, जुलैत काळ्या मातीत पाणी तुंबलं आणि करवंदाची मुळं सडली. जवळजवळ दीडशे रोपं गेली. फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी दीड फूट उंच वरंबा केला. त्यात कंपोस्ट घातलं, तेही ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आमच्याच शहरात बसवलेल्या इंदूर पद्धतीचं: काडीकचरा, शेण आणि माती थरावर थर, अधूनमधून उलथापालथ. रोपं दीड-दीड फुटांवर, दोन्ही ओळींत एकाआड एक. दोन उन्हाळे मात्र दर आठवड्याला पाणी द्यावंच लागलं.

तिसऱ्या थंडीत घाटे भरत असताना सातभाईंचा थवा कुंपणातून खाली उतरून हरभऱ्यातल्या अळ्या टिपायला लागला. कोतवाल पक्षी निरगुडीवर बसून झेप घ्यायचा. फवारणी एकदा कमी झाली. अडुळसा फुलला तेव्हा फुलोरी माशीने निरगुडीच्या फांदीभोवती तळहाताएवढं पोळं बांधलं. नाना कांद्याचं बी धरतात. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, म्हणून माशी फिरल्याशिवाय बी नीट भरत नाही. माश्या त्यांच्या गोंड्यांवर फिरताना आम्ही दोघांनी उभं राहून पाहिल्या. सावलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. जुलैत निरगुडीच्या काड्या मात्र मागून नेल्या.

रोजडे अजून येतात. विहिरीजवळ वीसेक फुटांची फट राहिली आहे, तिथूनच. यंदा आमच्याच झुडपाच्या काटेरी शेंगांतले सागरगोटे निघाले. ते घासायला आई बसली आहे.